जैसे थे!

आमच्या शेजारचे नाना दर गुरुवारी रजेवर घरी येतात.

वास्तविक नाना रिटायर होऊन घरीच असतात. बुधवारी ते घरीच जेवतात, घरीच झोपतात, गुरुवारी सकाळी घरीच आंघोळ करतात आणि मग काळी पत्र्याची ट्रंक खांद्यावर टाकून मागच्या दारानं, उसाच्या बांधानं, कुणाला दिसणार नाही अशा बेतानं फाट्यावर जातात. तिथं कोरेगावकडून येणारी एसटी थांबली की नाना एसटीतून उतरतात. म्हणजे ते एसटीत बसलेले नसतातच. दारापाशी जायचं, पाठ एसटीकडं करायची आणि उतरल्यासारखं करायचं. कंडक्टर पूर्वी चिडायचा. "बाबा, चढायचंय का उतरायचंय, एक काय ते ठरवा," म्हणायचा. आता नाना दिसले की तोच दार उघडतो, "चला, जवान उतरले" म्हणतो आणि डबल बेल देतो.

फाट्यापासून घरापर्यंत नाना ट्रंक घेऊन चालत येतात. वाटेत जो भेटेल त्यानं "आवं नाना, कवा आलासा?" असं विचारायचं आणि नानांनी "हे काय, आत्ताच उतरलो" म्हणायचं, अशी गावात पद्धतच पडली आहे. आम्ही कराडहून या गावात राहायला आलो तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. माझं शिवणाचं दुकान नानांच्या घराला लागून, अगदी रस्त्यावर. पहिल्याच गुरुवारी नाना ट्रंक घेऊन माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि वाट बघितल्यासारखे हसायला लागले. मी म्हटलं, "नाना, मघाशी तर दारात दात घासत होता की तुम्ही!"

"जैसे थे!"

नाना एवढ्या जोरात ओरडले की माझा पाय शिलाई मशीनच्या पायट्यावर नको तेवढा पडला आणि एका चांगल्या ब्लाउजची बाही गळ्याला जोडली गेली.

हे "जैसे थे" म्हणजे काय, ते मला नंतर कळलं. पलटणीत कवायत करताना कुणाचा हात चुकला, पाय चुकला की उस्ताद "जैसे थे" म्हणतो. मग सगळ्यांनी मुकाट्यानं मूळ जागेवर जायचं आणि तीच हालचाल पहिल्यापासून करायची. नानांनी हवालदार म्हणून जन्मभर हेच केलं, आणि आता घरी बसून आमच्याकडून करून घेतात. त्या दिवशी ते खरोखर परत फाट्यापर्यंत गेले आणि पुन्हा आले. मी वाद न घालता "कवा आलासा?" विचारलं आणि खाली मान घालून बाही उसवायला घेतली.

खरी गंमत पुढं दारात असते. आमच्याकडं लांबून आलेल्या माणसाला तसंच आत घेत नाहीत. त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, तांब्यातलं पाणी फिरवून ओतायचं, मग त्यानं उंबरा ओलांडायचा. नाना खरे रजेवर यायचे तेव्हा त्यांच्या बायकोनं, म्हणजे शालनवैनींनी, हे सगळं मनापासून केलं असणार. पण दर आठवड्याला मनापासून कोण करेल? शिवाय वैनींची भाकरी नेमकी त्या वेळेला झालेली असतेच असं नाही. एकदा त्या बिस्कीट घेऊनच दारात आल्या.

"ह्ये काय?" नाना.

"बिस्कीट."

"बिस्किटानं दिष्ट निघती व्हय?"

"फाट्यापतूर जाऊन आलेल्या मानसाला आशी किती दिष्ट लागती? बिस्कीट बास झालं."

"जैसे थे!"

वैनी आत गेल्या आणि बिस्कीट ठेवून खारी घेऊन आल्या. गल्लीतलं एक तांबडं कुत्रं गुरुवारी सकाळपासून त्यांच्या दारात बसलेलं असतं. त्याला वार कळतो. बिस्कीट आत गेलं तेव्हा त्या कुत्र्यानं नानांकडं असं बघितलं की मला त्याची बाजू पटली.

नाना दिसायला भारदस्त आहेत. उंच, ताठ, मिशा पांढऱ्या पण अजून वर वळवलेल्या. तरुणपणी सैन्यात गेले, सरहद्दीवरच्या थंडीत आणि वाळवंटातल्या उन्हात नोकरी केली. तिथून सुटले तर पुण्याला एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभे राहिले. साठी आली तेव्हा कुठं घरी आले. एवढ्या काळात घर त्यांना दिसलं ते रजेपुरतं. गावात फौजेतली माणसं पुष्कळ आहेत. ती सगळी घरी आल्यावर दोन म्हशी घेतात, सोसायटीच्या निवडणुकीला उभी राहतात किंवा गप्प पारावर बसतात. नानांसारखं हे खूळ कुणाला लागलेलं मी ऐकलं नाही.

एकदा ते सदरा शिवायला आले होते. खरं म्हणजे सदरा साधाच होता, पण तिसरं बटण त्यांना नको होतं. कोणे एके रजेत, लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला म्हणे, त्यांच्या सदऱ्याचं तिसरं बटण तुटलेलं होतं आणि वैनींनी ते अंगावरच शिवून दिलं होतं. तो प्रसंग त्यांना पुन्हा करायचा होता. मी तिसरं बटण न लावता सदरा दिला. नानांनी बोट फिरवून बघितलं आणि मान हलवली.

"टेलरबाई, बटन नसलेलं हाय ह्ये. मला तुटलेलं पायजे."

"एकूण एकच की."

"एकच कसं? नसलेलं येगळं आन् तुटलेलं येगळं. तुटलेल्याला धागा ऱ्हातोय."

मग मी बटण लावलं आणि माझ्याच हातानं ओढून तोडलं. त्या दिवशी माझं डोकं फिरलेलं होतं. मी सरळ विचारलं, "नाना, कशाला करता हो हे सगळं? झालं ते झालं. आता घर आहे, बायको आहे, निवांत बसा की."

नाना चिडले नाहीत. माझ्या टेबलावरची टेप उचलून बोटाला गुंडाळत बसले.

"आता कसं सांगू तुमाला," ते म्हणाले. "तिकडं व्हतो तवा वरीसभर एकेक रजा चघळत बसायचो. कोन काय बोललं, कुनी काय वाढलं, समदं. वाटायचं, एकदा सुटलो की कायमचं घरी. आता आलो. पर सकाळी उठलं की वाटतंय, मी अजून रजेवरच आलोय. कवातरी बोलावनं येनार आन् जावं लागनार. घरात मला पाव्हन्यागत वाढत्यात. भाजी वाढताना इचारत्यात, 'आनि देऊ का?' घरच्या मानसाला कोन इचारतंय? म्हनून म्हनलं, जे खरं घडलंय ते पुन्यांदा करून बगावं. एकदा जरी तंतोतंत बसलं ना, तर मी या घरातला हाय असं मला वाटंल."

मी त्यांच्या बोटाची टेप सोडवून घेतली आणि सदरा घडी करून दिला. पुढं कळलं की ते बटण शिवताना वैनींनी सुई थेट त्यांच्या छातीत टोचली. नाना आनंदानं ओरडले, कारण पहिल्या दिवाळीलाही ती टोचली होती. पण मग आठवलं की तेव्हा वैनी "आगं बाई!" म्हणाल्या होत्या आणि आता "हालताय कशाला!" म्हणाल्या. झालं, जैसे थे. दुसरं बटण मला लावायला लागलं. तेही तोडण्यासाठीच.

नानांच्या या कवायतीत सगळ्यात जास्त भरडला जातो तो त्यांचा मेहुणा, बापू. बापू म्हणजे शालनवैनींचे धाकटे भाऊ. कवठे महांकाळच्या बाजूला त्यांची थोडी कोरडवाहू जमीन आणि शेरडं आहेत. माणूस शांत. एक वाक्य बोलले की दुसरं बोलायच्या आधी तंबाखू मळतात. लग्नात नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो आणि मान घेतो, तशी त्यांनी नानांची कानपिळी केली होती. तेव्हापासून ते मोकळे झाले असं त्यांना वाटत होतं. पण नाना रिटायर झाले आणि दरवर्षी लग्नाच्या तिथीला बापूंना दोन एसट्या बदलून कान पिळायला यावं लागतं.

मी हा सोहळा डोळ्यांनी बघितला आहे. अंगणात नाना पाटावर बसलेले, डोक्याला टॉवेलाचा फेटा. बापू मागं उभे. बापूंनी कान धरला.

"जोर लाव की रं."

"लावतोय की, दाजी. बोटात वात हाय."

"तवा लय जोरात पिळलंतंस. राग व्हता तुला. भैन चालली म्हनून. तसा राग आन."

बापूंनी डोळे मिटून राग आणायचा प्रयत्न केला. तो येईना. "आता कशाचा राग येतोय, दाजी," ते म्हणाले. "तुमी बी म्हातारं झालासा, मी बी झालो."

आतनं वैनी हात पुसत आल्या. "सर बाजूला. राग माझ्याकडं हाय," म्हणाल्या आणि त्यांनी नानांचा कान असा पिळला की नाना पाटावरून उठून उभेच राहिले. कान लालभडक झाला.

"हां! आता बसलं!" नाना म्हणाले. मग कान चोळत थोडा विचार केला. "पर कान तू पिळला न्हवतास. जैसे थे!"

एकदा मी त्यांच्याबरोबर सांगलीलाही जाऊन आले. मला अस्तराचं कापड आणायचं होतं आणि नानांना वैनींची चप्पल तोडायची होती. नव्या नवलाईत दोघं सांगलीला गेली असताना कृष्णेच्या पुलावर वैनींच्या चपलेचा अंगठा तुटला होता. नानांनी ती चप्पल उचलून हातात घेतली आणि सगळ्या लोकांदेखत पुलावरून चालत आले. त्या काळी बायकोची चप्पल हातात धरून चालणारा माणूस म्हणजे केवढं धाडस! ही गोष्ट सांगताना नानांचा आवाज अजून बदलतो. तर या खेपेला त्यांनी गावातल्या चांभाराकडून अंगठ्याचा टाका अर्धा कापून घेतला होता. पुलावर पोचेपर्यंत टिकावा आणि पुलावर तुटावा, असा हिशेब होता. अंगठा सांगलीच्या स्टँडवरच तुटला, मुतारीसमोर.

नानांनी चप्पल शिवून घेतली आणि आम्ही पुलावर आलो. आता ती काही केल्या तुटेना. सांगलीच्या चांभारानं काम चोख केलं होतं. नाना म्हणाले, पाय ओढत चाल. नाना म्हणाले, उडी मार. भर उन्हात, ट्रक जाताहेत, आणि पुलाच्या मधोमध वैनी उड्या मारताहेत. शेवटी त्यांनी ती चप्पल पायातून काढली आणि नानांच्या हातात दिली.

"घ्या. धरा हातात आन् चला."

"आगं, पर तवा तू लाजली व्हतीस."

"तवा लाजत व्हते. आता चावीन."

येताना आम्ही भडंग घेतलं. तेवढं मात्र बसलं, असं नाना म्हणाले. भडंगाची चव त्यांना जुन्यासारखीच लागली. पुडी संपेपर्यंत ते खिडकीतून बाहेर बघत बसून होते.

पण बटण, कान आणि चप्पल ही सगळी फुटकळ कामं झाली. नानांच्या मनातला राजा प्रसंग वेगळाच होता, तो म्हणजे मनीची जत्रा. मनी म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, मनीषा. ती आता सांगलीला असते, तिचाच मुलगा नानांना उचलून घेईल एवढा झाला आहे. ती पाच वर्षांची असताना गावच्या जत्रेत नानांनी तिला खांद्यावर बसवून अख्खं गाव फिरवलं होतं. पिवळा झगा, हातात पिपाणी, एका पायातला बूट कुठंतरी पडलेला. हे वर्णन मी इतक्या वेळा ऐकलंय की तो बूट कुठं पडला ते शोधायला मीसुद्धा निघाले असते. सगळ्या नोकरीत एवढी एक गोष्ट आठवून थंडी काढली, असं नाना सांगायचे. "ह्ये एक बसलं की बाकीचं मी सोडून देतो," असंही म्हणायचे, आणि वैनी देवाला हात जोडायच्या.

या वर्षी मनीनं जत्रेला येते म्हणून कळवलं आणि नानांनी तयारी सुरू केली. आता या वयात मनीला काही खांद्यावर घेता येत नाही. ती येते म्हटल्यावर रिक्षावालासुद्धा दोन माणसांचं भाडं मागतो, असं तीच हसत सांगते. म्हणून नानांनी जोंधळ्याचं पोतं घेतलं. पाच वर्षांच्या पोरीचं वजन किती असतं ते अंगणवाडीत जाऊन विचारून आले आणि तेवढेच जोंधळे भरले. मग माझ्याकडं आले.

"टेलरबाई, झगा शिवायचाय. पिवळा."

"कुणाला?"

नानांनी पोतं टेबलावर ठेवलं. "हिला."

मी उभ्या हयातीत अनेक बेढब मापं घेतली आहेत, पण पोत्याची छाती आणि कंबर मोजायची वेळ पहिल्यांदाच आली. छाती, कंबर, सगळं एकच. मी झालरीचा झगा शिवला. हात हवेत म्हणून चिंध्या भरून दोन हातही केले. मधेमधे नाना कवठे महांकाळला फोन लावून बारकावे विचारत. "बापू, झालर व्हती का रं? एक व्हती का दोन?" तिकडून बापू थोडा वेळ थांबायचे आणि म्हणायचे, "दोन, दाजी." मला तेव्हा वाटायचं, या माणसाला भाचीच्या झग्याच्या झालरी बऱ्या आठवतात.

जत्रेच्या आधी आठवडाभर नाना ते पोतं खांद्यावर घेऊन सराव करत होते. पोरं मागं फिरायची. गल्लीनं त्या पोत्याचं नावही मनी ठेवलं. एका संध्याकाळी देवळापासून येताना पोतं खालून उसवलं. माझी शिवण नव्हे, पोत्याचीच. नानांच्या कॉलरीत जोंधळे शिरायला लागले, मागं गल्लीतल्या कोंबड्या लागल्या, आणि किराणा दुकानातली म्हातारी ओरडली, "आवं नाना, मनी गळतीया!" नाना थांबले नाहीत. घरी आले तेव्हा खांद्यावर नुसता झगा होता.

जत्रेच्या दिवशी दुपारी मनी सांगलीहून आली. बापू आदल्या दिवशीच आले होते. बाहेर ताशे वाजत होते, पोरांच्या पिपाण्यांनी डोकं उठलं होतं. मी झालरीचा शेवटचा टाका घालायला त्यांच्या ओसरीवर बसले होते. टाका पुरा व्हायच्या आधीच नानांनी नवं पोतं झग्यासकट खांद्यावर घेतलं आणि मनीच्या हातात पिपाणी दिली.

"तू नुसतं बाजूनं चाल," ते म्हणाले. "पाळना आला की म्हनायचं, 'नाना, पाळना!' वजन पोत्याचं, आवाज तुझा. आवाज खरा पायजे."

मनीनं बापाच्या खांद्यावर ते झगा घातलेलं पोतं बघितलं आणि ती हसत सुटली. हसता हसता खाली बसली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "आवं नाना," ती धापा टाकत म्हणाली, "काय तरी काय! त्या जत्रंला तर मला बापूमामानं न्हेलतं की. तुमी कुठं व्हतासा?"

ती हे सहज बोलून गेली. पण वैनी चुलीपाशी होत्या त्या बाहेर आल्या, आणि बापूंचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला. तेव्हा कुठं मनीच्या लक्षात आलं की आपण काय बोललो.

"मी न्हवतो?" नाना म्हणाले.

नानांनी वैनींकडं बघितलं.

"आदल्या दिशी तार आल्ती तुमाला," वैनी हळू म्हणाल्या. "रजा मोडून बोलावलंतं. जत्रंच्या दिशी फाटंच्या गाडीनं गेलासा तुमी. मनी झोपल्याली व्हती."

"आगं पर मला झगा ध्यानात हाय. दोन झालरी. बूट पडल्याला ध्यानात हाय."

"ते मी सांगितल्यालं, दाजी," बापू म्हणाले. "फुडच्या रजंत. तुमी रोज मला इचारायचासा, काय घातलंतं, काय बोलली, कुठं कुठं फिरलासा. मी सांगायचो. दोन-चार रजा आसंच चाललं. मग एक दिस तुमीच मला सांगाय लागलासा, मी मनीला खांद्यावर घेतलंतं म्हनून."

"मग तू बोलला का न्हाईस?"

बापूंचा अंगठा पुन्हा तंबाखूवर फिरला. "काय बोलायचं? पोरगी तुमचीच व्हती. खांदा माझा काय आन् तुमचा काय."

नानांनी पोतं उतरवून ओसरीवर ठेवलं आणि त्याच्या शेजारी बसले. एवढा ताठ माणूस, पण बसताना कमरेतून मोडल्यासारखे बसले. मला फार वाईट वाटलं. इतके दिवस मी त्यांची टिंगल केली होती, गल्लीत नकलाही केल्या होत्या, आणि आता वाटत होतं की ही जत्रा तेवढी खरी असायला हवी होती. मनी रडवेली होऊन त्यांचा हात धरून बसली. नानांनी तिच्या पाठीवर थोपटलं आणि म्हणाले, "तू जा. आईला घेऊन पालखीला नारळ दिऊन ये. मी हाय हितंच." ती जाईना, तेव्हा वैनीच तिला उठवून घेऊन गेल्या.

ओसरीवर नाना, बापू आणि मी उरलो. मला उठून जाता येईना. पोत्यावरचा झगा मी काढून मांडीवर घेतला होता आणि तो आता कशासाठी नेटका करायचा तेही कळेना, म्हणून मी त्याची झालर उसवायला लागले.

मग नाना म्हणाले, "जड व्हती का रं?"

"आं?"

"मनी. खांद्यावर. जड व्हती का?"

बापूंनी आठवून बघितलं. "जाताना न्हवती. येताना झाली. झोपली व्हती न्हवं. झोपल्यालं पोर लय जड हुतंय. आन् लाळ गळत व्हती तिची, माझी समदी मान भिजली."

"ह्ये तू मला कवा सांगितलं न्हाईस."

"तुमी झगा इचारला, बूट इचारला. लाळ कुठं इचारली?"

नानांनी नकळत हात आपल्या मानेवर नेला आणि तिथंच ठेवला. "आनि काय व्हतं?"

"आनि काय न्हाई." बापू उठले, तंबाखू टाकून आले आणि परत बसले. "आनि एक हाय. पर ते मी सांगनार न्हवतो. तुमाला वंगाळ वाटंल म्हनून."

"सांग."

"देवळाच्या मागनं येत व्हतो. ती झोपंतच म्हनली, 'नाना, घर आलं का?' तिला वाटलं, तुमीच हाय. तुमी गेलासा ते आमी तिला सांगितलंच न्हवतं. फाट्यावर गेल्यात, येतील, आसं म्हनलंतं."

"मग?"

"मग काय. मामा हाय म्हनलं आसतं तर तितंच भोकाड पसरलं आसतं तिनं. मी म्हनलं, 'आलं, आलं, झोप तू.' तुमच्या आवाजात म्हनलं."

"माझ्या आवाजात?"

"व्हय. जाड आवाज काढून."

नाना त्यांच्याकडं बघत राहिले. "काढून दाखव."

बापू लाजले. त्यांनी माझ्याकडं बघितलं, तशी मी झालरीत मान खुपसली. मग ते घसा साफ करून ताठ बसले, छाती पुढं काढली आणि एरवी कधी न ऐकलेल्या भारदस्त आवाजात म्हणाले, "आलं, आलं. झोप तू."

"माझा आवाज आसा हाय?"

"तवा आसा व्हता."

नानांनी डोळ्यांना टॉवेल लावला. खांदे हलायला लागले. आवाज न करता रडायचा त्यांनी प्रयत्न केला, पण ते काही त्यांना जमलं नाही, आणि मला तर मुळीच जमलं नाही. बापू कावरेबावरे होऊन आमच्या दोघांकडं बघत होते.

"आनि एकदा म्हन रं," नाना टॉवेलातूनच म्हणाले.

बापूंनी पुन्हा छाती पुढं काढली आणि म्हटलं.